विंडोज टाकताना नवा संगणक दर वेळी वेगळ्या जागी अडकतोय? आधी रॅम तपासा

सुटे भाग आणून घरी जोडलेला संगणक पहिल्यांदा चालू होतो, पंखे फिरतात, मॉनिटरवर बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर) दिसतं आणि घरात सगळ्यांना वाटतं की अवघड काम संपलं. खरा त्रास बऱ्याचदा त्यानंतर सुरू होतो. विंडोजच्या फाइली कॉपी होता होता थांबतात, निळा पडदा येतो किंवा संगणक काही न सांगता रिस्टार्ट होतो. मग पेनड्राइव्ह पुन्हा बनवायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि तरी तेच. पुण्यात नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुलांचे असे संगणक मी बरीच वर्षं बघतोय. इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाचे प्रवेश सुरू झाले की हे फोन वाढतात. आईवडिलांनी पै-पै साठवून दिलेले पैसे त्यात अडकलेले असतात, कॉलेज सुरू व्हायला थोडे दिवस उरलेले असतात आणि पोरगं रडकुंडीला आलेलं असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

काहीही बदलण्याआधी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. संगणक दर वेळी एकाच जागी अडकतोय की दर वेळी वेगळ्या?

एकाच पडद्यावर, एकाच संदेशावर अडकत असेल तर बहुतेक वेळा बायोसमधलं एखादं सेटिंग, नसलेला ड्रायव्हर किंवा पेनड्राइव्हवरची फाइल कारणीभूत असते. हे दोष स्वस्त असतात, घरबसल्या सुटतात. पण आज ३७ टक्क्यांवर, उद्या ८२ टक्क्यांवर, परवा इन्स्टॉल झाल्यावर डेस्कटॉपवर, असं जागा बदलत अडकत असेल तर विंडोज पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. दोष हार्डवेअरमध्ये आहे असं धरून चला आणि सुरुवात रॅमपासून, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीपासून करा. रॅम निर्दोष निघाली तर वीज, मग तापमान, मग प्रोसेसर. या क्रमाने गेलं की दुकानाच्या फेऱ्या खूप कमी होतात.

कर्वेनगरला राहणाऱ्या माझ्या भाच्याचं उदाहरण सांगतो. एएमडीचा रायझन प्रोसेसर, एएम५ सॉकेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या, डब्यावर वेग ६०००, आणि एनव्हीएमई एसएसडी. विंडोज ११ टाकताना कधी फाइल करप्ट असल्याचा एरर यायचा, ज्याचा कोड ८००७०५७० या आकड्यांनी संपतो. कधी नुसताच निळा पडदा. एकदा तर इन्स्टॉल पूर्ण झालं आणि ब्राउझर उघडल्यावर संगणक कोसळला. निळ्या पडद्यावर एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. दुकानदार फोनवर म्हणाला, पेनड्राइव्ह खराब असेल, दुसरा घ्या. दुसरा घेतला. मग संशय एसएसडीवर गेला.

“मामा, एसएसडी बदलूनच आणतो,” तो म्हणाला.

“थांब, आत्ता काहीच बदलू नकोस. कधी कुठे अडकला आणि पडद्यावर काय लिहून आलं, ते आधी वहीत लिही. मी संध्याकाळी येतो.”

त्या वहीतच उत्तर होतं. एसएसडी किंवा पेनड्राइव्ह खराब असता तर तीच ती फाइल, तोच तो एरर बहुधा परत परत दिसला असता. इथे एररचा प्रकारही बदलत होता आणि जागाही.

रॅमचा दोष नेमका विंडोज टाकतानाच का उघडा पडतो, हे एकदा समजून घ्या. बायोसमध्ये फिरताना रॅमचा अगदी थोडा भाग वापरला जातो. खराब भागाला हात लागतच नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं. विंडोजची इन्स्टॉल फाइल मात्र दाबून छोटी केलेली असते. ती उलगडताना काही जीबी माहिती रॅममधून भराभर जाते. उलगडलेली प्रत्येक फाइल बरोबर आहे की नाही, हे तिच्या हॅशशी, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून काढलेल्या आकड्याशी, ताडून पाहिलं जातं. मधल्या मध्ये एखादा बिट जरी उलटा झाला तरी हॅश जुळत नाही आणि सेटअप म्हणतं की फाइल खराब आहे. पेनड्राइव्हवरची फाइल चांगलीच असते. ती रॅममध्ये आल्यावर बिघडते. खराब बिट दर वेळी वेगळ्या फाइलच्या वाट्याला येतो, म्हणून अडकण्याची जागाही दर वेळी वेगळी.

आता काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम, बायोसमध्ये जाऊन एक्सपो, म्हणजे रॅमचा वाढीव वेग चालू करणारं सेटिंग, बंद करा. इंटेलच्या बोर्डावर त्याला एक्सएमपी म्हणतात. रॅमच्या डब्यावर छापलेला ६००० हा वेग पट्टीचा मूळ वेग नसतो. डीडीआर५च्या बऱ्याच पट्ट्या आपोआप ४८०० वर किंवा त्याच्या आसपास चालतात. वरचा वेग हा रॅम बनवणाऱ्याने तपासून दिलेला वाढीव वेग असतो. पण तो झेपायला प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, बोर्ड आणि बायोस या तिघांचीही साथ लागते. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दोन पट्ट्यांचा अधिकृत वेग ५२०० दिला आहे, चार पट्ट्या लावल्या तर तो ३६०० वर येतो. म्हणून “दोन आहेत, अजून दोन लावू” म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की डीडीआर५मध्ये दोन मोठ्या पट्ट्या घ्या, चार लहान घेऊ नका. तुमची रॅम तुमच्या बोर्डावर तपासली गेली आहे का, हे बोर्ड बनवणाऱ्याच्या वेबसाइटवरच्या क्यूव्हीएल यादीत पाहता येतं. खरेदीआधी ही यादी पाहणारे फार थोडे असतात. ती पाहायला दहा मिनिटं लागतात.

एक्सपो बदलल्यावर डीडीआर५चा संगणक लगेच सुरू होत नाही. पडदा काळा राहतो, पंखे फिरत राहतात आणि बोर्डावर रॅमचा छोटा दिवा पेटलेला दिसतो. पहिल्यांदा जोडल्यावर आणि बायोस रिसेट केल्यावरही असंच होतं. त्या वेळात बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे पट्टीशी कोणत्या वेळेच्या हिशोबाने बोलायचं ते ठरवत असतो. याला कधी एक मिनिट लागतं, कधी चांगली पाच-दहा मिनिटं. घाबरून बटण दाबून बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चहा ठेवा आणि थांबा.

भाच्याच्या संगणकावर एक्सपो बंद केल्यावर विंडोज सरळ पूर्ण झालं. त्याचा चेहरा खुलला. बहुतेक जण इथेच थांबतात आणि पुढचा त्रास इथूनच सुरू होतो. कमी वेगावर चालतंय याचे दोन अर्थ निघतात: एक तर पट्टी चांगली आहे आणि फक्त वाढीव वेग झेपत नाहीये, किंवा पट्टीच खराब आहे आणि कमी वेगावर तिचा दोष क्वचित दिसतोय. पहिल्या बाबतीत बायोस अपडेट करून किंवा वेग एक पायरी खाली आणून काम भागतं. दुसऱ्या बाबतीत पट्टी बदलायलाच हवी, नाहीतर दोन महिन्यांनी प्रोजेक्टची फाइल खराब होईल आणि कारण कोणाला कळणार नाही.

हे ठरवायला मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लागतं. ते दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर टाकायचं आणि नवा संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. विंडोज लागत नाही. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. ३२ जीबीला काही तास सहज लागतात, म्हणून रात्री लावून झोपलेलं बरं. विंडोजमध्ये स्वतःची मेमरी तपासणी आहे, पण ती बारीक दोष सोडून देते, तिच्यावर विसंबू नका. आणि निकाल वाचताना मन घट्ट ठेवा. एक एरर आला तरी नापास. “लाखो तपासण्यांत एकच तर आलाय” हा हिशोब रॅमला लागू होत नाही.

एरर आले तर पट्ट्या एकेक करून तपासा. चार खाचांच्या बोर्डावर एकच पट्टी लावायची असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या खाचेत लावा, बोर्डावर तिला बहुधा ए२ लिहिलेलं असतं. दोन पट्ट्या असतील तर दुसरी आणि चौथी. पहिली आणि दुसरी लावलेले संगणक माझ्याकडे अजूनही येतात. बोर्डाच्या पुस्तिकेत याचं चित्र असतं, ते बघा. आता पहिली पट्टी त्या खाचेत, पूर्ण टेस्ट. मग दुसरी पट्टी त्याच खाचेत, पूर्ण टेस्ट. गरज पडली तर हेच दुसऱ्या खाचेत. एरर पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब. दोन्ही पट्ट्या एका खाचेत चांगल्या आणि दुसऱ्या खाचेत नापास झाल्या, तर संशय बोर्डावर किंवा प्रोसेसरच्या सॉकेटवर. भाच्याची एक पट्टी मूळ वेगावरही शेवटच्या फेरीत नापास झाली, दुसरी सगळ्या वेगांवर पास. लाल एररचा फोटो काढला, पट्टीवरचा सिरियल नंबर दिसेल असा दुसरा फोटो काढला, बिल घेतलं आणि दुकानात गेलो. फोटो पाहिल्यावर दुकानदाराने वाद घातला नाही.

दोन पट्ट्यांचा संच असेल तर पूर्ण संचच बदलून मागा. एकच पट्टी बदलून मिळाली तर वरून तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर असूनही आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, आणि मग वाढीव वेगावर दोघींचं जमत नाही.

पट्टी बदलल्यावर आधी टाकलेलं विंडोज ठेवू नका. खराब रॅममधून गेलेल्या फाइली एसएसडीवर लिहिल्या गेल्या आहेत, त्यातल्या कोणत्या बिघडल्यात हे आपल्याला माहीत नाही. सिस्टिम फाइल तपासणारा एसएफसी चालवता येतो, पण तो फक्त विंडोजच्या स्वतःच्या फाइली बघतो. नवा संगणक आहे, त्यावर अजून काही साठलेलं नाही. सगळं पुसून नव्याने टाका.

पट्ट्या चांगल्या निघाल्या आणि तरी एका बाजूच्या खाचा चालत नाहीत, असं असेल तर कूलर काढून बघायची तयारी ठेवा. आजकालच्या इंटेलच्या आणि एएम५च्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर बसवताना एखादी पिन वाकली किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले तर रॅमची एक वाहिनी (चॅनेल) गायब होते. स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळायचे असतात, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे. वाकलेली पिन स्वतः सरळ करायला जाऊ नका. भिंग आणि सवयीचा हात असलेल्या माणसाकडे न्या.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, विशेषतः आय७ किंवा आय९, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू झिजण्याचा दोष इंटेलने २०२४ मध्ये मान्य केला, सप्टेंबर २०२४ पर्यंत त्यावरचे मायक्रोकोड, म्हणजे बायोस अपडेटमधून येणाऱ्या दुरुस्त्या, दिले आणि संबंधित मॉडेलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. याचं लक्षण रॅमच्या दोषासारखंच दिसतं. विंडोज कसंबसं होतं, पण ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर उलगडतानाच एरर येतो, किंवा गेममध्ये व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा खोटा संदेश येतो. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डावर जुनं बायोस असू शकतं. असा प्रोसेसर घेतला असेल तर विंडोज टाकण्याच्या आधी बायोस अपडेट करा, नंतर करू म्हणून पुढे ढकलू नका. सेकंडहँड घेत असाल तर मूळ बिलाशिवाय घेऊ नका.

बायोस अपडेट करताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीच्या कामांचा वार असतो, आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की कोणत्याही वारी लाइट जाते. यूपीएस नसेल तर गुरुवार टाळा, आभाळ भरून आलं असेल तर थांबा. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर बिघडलेलं बायोस पुन्हा टाकता येतं. त्यासाठी पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला आणि फाइलचं नाव पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच हवं.

वीज आणि अर्थिंग

रॅम पास झाली, एरर काही येत नाही, पण संगणक मध्येच पटकन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसते. ही नोंद कारण सांगत नाही, नीट बंद न होता वीज तुटली एवढंच सांगते. अशा वेळी आधी भिंतीकडे बघा.

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला, म्हणजे मागच्या स्क्रूला, टेस्टर लावा. पेटला तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत विजेतला नॉइज गाळणारे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना अर्थशी जोडलेले असतात. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्र्यावर मुख्य व्होल्टेजच्या साधारण निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. करंट अगदी कमी असतो, म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात. पण पेनड्राइव्ह लावताना, मॉनिटरची केबल जोडताना ते त्या केबलमधून वाट शोधतं. यूएसबी मध्येच तुटणं, माऊस गोठणं, इन्स्टॉल चालू असताना पेनड्राइव्ह गायब होणं, असे प्रकार मी यातून होताना पाहिलेत. कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांत हे मोठ्या प्रमाणावर आहे. नव्या सोसायट्यांमध्येही सॉकेट तीन पिनांचं आणि मागे अर्थची वायरच जोडलेली नाही, असं आढळतं. मधला एक्स्टेंशन बोर्ड दोन वायरींचा असेल तरी हेच. मल्टिमीटर असेल आणि वापरता येत असेल तर फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट यायला हवं. नसेल तर शंभर-दोनशे रुपयांची टाळाटाळ करू नका, वायरमनला बोलवा. संगणकाच्या आधी हा घरातल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

घरातल्या इन्व्हर्टरवर संगणक लावला असेल तर त्याच्या मागे बहुधा यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत घेतो आणि संगणकाचा एसएमपीएस पूर्ण भारावर पंधरा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो. यूपीएस मोडमध्ये ते अंतर दहाच्या आसपास येतं.

मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा, एसएमपीएस असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला बसते म्हणून लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची जोडणी प्रत्येक कंपनीची, कधी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. चुकीची केबल लावली तर एसएसडी आणि हार्डडिस्क क्षणात जळू शकतात.

तापमानाचं थोडक्यात. बायोसमध्येच प्रोसेसरचं तापमान दिसतं. तिथे नुसतं बसल्या बसल्या ते सत्तर-ऐंशीकडे चढत असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा त्याच्या तळाची पारदर्शक पट्टी काढायची राहिली आहे. पुण्याच्या मे महिन्यात खोलीच पस्तीसच्या वर असते, तेव्हा थोडं जास्त दिसणारच.

एकाच जागी अडकत असेल तर

सेटअपला एसएसडीच दिसत नाही, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. बायोसमध्ये एसएसडी दिसते का ते आधी बघा. तिथेही नसेल तर ती नीट बसलेली नाही, किंवा त्या खाचेच्या लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, तुमच्या प्रोसेसरला मिळत नाहीत, पुस्तिका उघडा. बायोसमध्ये दिसते आणि विंडोजच्या सेटअपमध्ये नाही, आणि प्रोसेसर इंटेलचा ११व्या पिढीचा किंवा नंतरचा आहे, तर व्हीएमडी नावाचं सेटिंग चालू असणार. घरच्या संगणकाला त्याची गरज नसते. बायोसमधून ते बंद करा, एसएसडी लगेच दिसते. बंद करायचं नसेल तर इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर उलगडून त्याचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर निवडा. दोन्हीपैकी काहीही करा, पण विंडोज टाकून झाल्यावर हे सेटिंग बदलू नका, बदललंत तर विंडोज सुरूच होणार नाही.

हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही असं येत असेल तर बायोसमध्ये टीपीएम ही सुरक्षेची सोय (एएमडीला एफटीपीएम, इंटेलला पीटीटी) चालू करा आणि सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट होण्याचं सेटिंग, बंद करा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नव्या संगणकावर ते टाकण्यात आता हशील नाही.

पहिल्या रिस्टार्टनंतर सेटअप पुन्हा पहिल्या पडद्यावर येत असेल तर संगणक परत पेनड्राइव्हवरून सुरू होतोय. रिस्टार्टला पडदा काळा झाला की पेनड्राइव्ह काढा. इतकंच.

शेवटी सेटअप इंटरनेट मागतं आणि वायफाय दिसतच नाही. बोर्डावरची लॅन किंवा वायफाय चिप नवी असते आणि विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. ते विंडोजला लगेच ओळखू येतं. फोन घरच्या वायफायवर असेल तर डेटाही जात नाही. डेस्कटॉप आल्यावर आधी चिपसेटचा ड्रायव्हर, मग लॅन-वायफाय, मग ग्राफिक कार्ड. विंडोज अपडेट स्वतः ग्राफिकचा ड्रायव्हर उतरवत असताना आपण वरून दुसरा टाकायला गेलो की दोघांची टक्कर होते आणि पडदा काळा पडतो. अपडेट पूर्ण होऊ द्या.

आणखी एक, जुन्या संगणकातली हार्डडिस्क नव्यात लावणार असाल तर विंडोज टाकताना तिची केबल काढून ठेवा. ती जोडलेली असेल तर सेटअप अनेकदा बूटची फाइल जुन्या डिस्कवर ठेवतं. मग सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की नव्या एसएसडीवरचं विंडोज उठत नाही. आणि डिस्क पुसायला डिस्कपार्टमध्ये क्लीन ही आज्ञा देताना चुकून तिचाच नंबर दिला गेला तर घरातले सगळे फोटो जातात. केबल काढलेली असेल तर ही भीतीच राहत नाही.

दुकानात जाताना

तापकीर गल्लीतून घ्या, मोठ्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. “वॉरंटी आहेच हो” हे तोंडी चालत नाही. सदोष भाग पहिल्या काही दिवसांत दुकानातूनच बदलून मिळतो, त्यानंतर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे पाठवतात आणि आठवडे जातात. म्हणून वर सांगितलेली रॅमची टेस्ट संगणक जोडला त्याच रात्री लावा, एरर दिसो वा न दिसो. दुकानदाराशी बोलताना “संगणक चालत नाही” एवढंच म्हटलं तर तो विंडोज पुन्हा टाकून देईल. “ही पट्टी, ही खाच, हा वेग, इतक्या एरर, हा फोटो” असं सांगितलं तर बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. तरीही दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही तक्रार घेतात.

आणि बदलून मिळालेला संचही तसाच मेमटेस्टला लावा, आधी मूळ वेगावर, मग एक्सपो चालू करून. दोन्ही वेळा चारही फेऱ्या स्वच्छ गेल्या की विंडोज टाकायला बसा.